मशीनचा उजवा कान

मारुंजी
१८ फेब्रुवारी २०२५

प्रिय शंभू,

तू मला ओळखत नाहीस. मीही तुला ओळखते ती एका स्टिकरपुरतीच. मागच्या आठवड्यात मी इथल्या एका जुन्या मोबाइलच्या दुकानातून हातात धरून खेळायच्या गेमची केस, म्हणजे ठेवायची पेटी, घेतली. घरी येऊन उघडते तर झाकणाच्या आत एका स्टिकरवर स्केचपेननं लिहिलेलं: ‘शंभू कैलास, वरची आळी, मु. पो. कासारसाई, ता. मुळशी. हात लावाल तर आईला नाव सांगेन.’ इतकी हसले की माझी रूममेट वैष्णवी आतून बघायला आली, हिला झालं काय म्हणून.

मी जुईली. मूळची हिंगोलीची. इथे आयटीत टेस्टिंग करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि वर त्यांचीच बोलणी खायची. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कंपनीची बस जेवढा वेळ उभी असते तेवढ्यात माझी अख्खी एक लेव्हल होते. माझं मशीन बहुतेक तुझ्यासारखंच आहे, मधे पडदा आणि दोन्ही बाजूंना सरकवून बसवायचे कंट्रोलर. त्याला मी नाही नाही ते जोडलंय. काचेवरची फिल्म, अंगठ्याच्या रबरी टोप्या, मनगटात अडकवायचा पट्टा, पॉवर बँक. आई म्हणते, एवढे दागिने तर मी माझ्या लग्नात घातले नव्हते.

आता मुद्द्याचं. केसच्या आत खणाच्या कापडाचा एक छोटा कप्पा शिवलाय, टोप्या ठेवायला. हातशिलाई, पण एक टाका इकडचा तिकडे नाही. हे कुणी शिवलं रे? मला पट्ट्यासाठी तसंच शिवून हवंय. स्टिकरवर फोन नंबर नाही, म्हणून शाळेनंतर पहिल्यांदा पत्र लिहितेय. आणि हो, शिवणीत हळद आणि वाळलेली भाताची शितं सापडली. केसचा डबा करून शेतावर न्यायचास की काय?

तुझी अनोळखी गिऱ्हाईक,
जुईली


कासारसाई
२६ फेब्रुवारी

जुईलीबाई यांस,

तुमचं पत्र शंभूच्या नावानं आलं. मी त्याची आई, शारदा. पोस्टमननं हातात दिलं तवा वरचं नाव बघून उंबऱ्यातच बसले.

शंभू सध्या घरी नसतो.

ती केस मी पाण्याला दिलेली हाय. पाण्याला दिलेली वस्तू माणसानं वापरायची नसती. तुमच्या हातात ती कशी आली ते मला काय कळंना. तुमी ती वापरू नका. जवळ नदी-वढा असंल तितं सोडा आन् माघारी वळून बघू नका.

कप्पा मीच शिवला. तुमी चांगला म्हणलात, बरं वाटलं. पर आता मी शिवत न्हाई.

लिवायचं असंल तर माझ्या नावानं लिवा. हितं येऊ नका. फोनचं म्हणाल तर मी फोन ठेवत न्हाई. वाजला की छातीत धस्स व्हतं.

शारदा


मारुंजी
४ मार्च

आदरणीय शारदामावशी,

मावशी म्हटलं तर चालेल ना? आणि मला बाई नका म्हणू, ऑफिसात नवीन पोरं म्हणतात तेवढं पुरे.

माझ्यामुळे शंभूला पुन्हा बोलणी बसली असतील तर खरंच सॉरी. माझ्या लक्षात आलं सगळं. परीक्षा जवळ आल्या, पोरगं गेम सोडेना, मग तुमचा पारा चढला आणि तुम्ही सगळं उचलून धरणात टाकलंत. बरोबर? आमच्याकडे धाकट्या भावाची बॅट अशीच विहिरीत गेली होती. तो आठवडाभर जेवला नाही, आणि पास व्हायचा तेवढाच झाला.

पण मावशी, स्वतःच्या हातानं शिवलेलं फेकवलं तरी कसं तुम्हाला? शंभूला होस्टेलला ठेवलंय का? पत्ता द्या, मी केस त्यालाच पाठवते. त्याची वस्तू आहे, त्याच्याकडेच जाऊ दे. नदीत काही मी टाकणार नाही. इथल्या नदीत आधीच काय कमी पडलंय?

त्याला सांगा, तुझी आई बाहेरून कडक आहे, पण शिवण बघून आतलं कळतं.

तुमची,
जुईली


कासारसाई
१५ मार्च

चि. जुईलीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी राग आला, मग हसू आलं आन् मग लई रडले. तू त्याला परीक्षेला बसलेलं पोरगं समजलीस. तसं असतं तर किती बरं झालं असतं गं.

मागच्या ऑगस्टात शंभू पाण्यात गेला. पंपाच्या पाइपाच्या तोंडाला शेवाळ अडकलं व्हतं. त्याच्या बापानं सांगितलं, जा, तेवढं काढून ये. धरण भरून सांडव्यावरनं पाणी चाललं व्हतं. गेला तो गेलाच. बोटी आल्या, पाणबुडे आले, खाली पवना नदीपातुर माणसं हिंडली. एक चप्पल घावली. तो न्हाई घावला.

घावला न्हाई तर मेला असं मी कुणाच्या तोंडानं म्हणू? एकोणीस वर्षांचं पोर.

आमच्याकडं म्हणत्यात की साती आसरा, म्हंजे पाण्यातल्या बाया, एखादं देखणं पोर आवडलं तर ठेवून घेत्यात. मन भरलं की सोडत्यात. काठाला त्यांचे शेंदूर लावलेले दगड हायेत. मी ओटी भरली. हिरव्या बांगड्या दिल्या, दहीभात ठेवला. मग एक दिवस मनात आलं, बायास्नी बांगड्या दिल्या, पर माझं लेकरू तितं दिवसभर करत काय असंल? त्याला खेळायला नको का? तवापासनं शुक्रवारी त्याच्या गेमची एकेक वस्तू नेऊन ठेवते. पट्टा नेला. उन्हात शेतावर बसून दिसावं म्हणून त्यानं पडद्याला पुठ्ठ्याचं छप्पर केलं व्हतं, त्याला कापड मी लावलेलं, ते नेलं. केस नेली. शेवटी मशीनचा उजवा कान नेला. त्या बाजूच्या बटनास्नी तो कान म्हणायचा. आई, माझा उजवा कान कुटं गेला, म्हणून समदं घर उलटंपालटं करायचा. मशीन मातर मी दिलं न्हाई. तेबी दिलं तर घरात त्याचं ऱ्हायलं काय?

आता जे लिवते ते कुणाला सांगू नको. उजवा कान पाण्याला दिल्यापासनं मशीन आपोआप लागतंय. आतल्या खोलीत फळीवर ठेवलंय, वायर लावून. दिवेलागणीला पडद्यावर उजेड पडतो. त्यावर एक खूण असती ना, चौकोनाभवतीची, ती हळूहळू उजवीकडं सरकती, परत माघारी येती. डावा कान मशीनलाच हाय, त्याला मी हात लावत न्हाई. मग ती खूण कोण हलवतंय? तूच सांग. तू यातलीच हायेस.

तुझी,
शारदामावशी


मारुंजी
२२ मार्च

मावशी,

काय लिहू? माझं आधीचं पत्र मला परत मिळालं तर मी ते गिळून टाकेन. विहीर, बॅट, परीक्षा. देवा रे! मला माफ करा.

केस मी वापरत नाही. आमच्या खोलीत कपाटावर दोन देव आहेत, त्यांच्या शेजारी ठेवली. वैष्णवी म्हणाली, ही बाहेर काढ, माझ्यानं तिच्याकडे बघवत नाही. खरं सांगू, मलाही भीती वाटते. परवा बसमध्ये मशीन काढलं आणि उजव्या कंट्रोलरवर अंगठा ठेवला, तर माझ्या अंगठ्याखाली आधीच कुणाचा तरी अंगठा आहे असं वाटलं. गार, ओला. मी ते तसंच पिशवीत कोंबलं आणि हिंजवडी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

तुम्ही विचारलंत, खूण कोण हलवतंय. मला माहीत नाही. पण मी काही विचारू का? रागावू नका. पाणी तुमच्या घरापासून किती लांब आहे? मशीन लागतं तेव्हा घरात कोण कोण असतं? आणि तुम्ही त्या वेळी काय करता?

मी स्कूटीवर अर्ध्या तासात येऊ शकते. नको म्हणालात म्हणून थांबलेय. पण जीव तिकडे लागलाय.

जुईली


कासारसाई
६ एप्रिल

चि. जुईली,

येऊ नको. तू आलीस तर वाडीवर चर्चा, आन् त्याच्या बापाला कळंल.

पाणी लांब हाय. आमचं एक शेत, मग चुलत्याचं, मग बांध उतरून काठ. घरात मी आन् त्याचा बाप, दोघंच. तो दिवेलागणीला गोठ्यात असतो. धार काढायची आन् तितंच बसून ऱ्हायचं. बरं हाय. त्या दिवसापासनं मी त्याच्याशी बोलत न्हाई. ताट वाढते, पाणी ठेवते. तोबी काय बोलत न्हाई. शंभूचं नाव त्यानं एकदाबी तोंडातनं काढलं न्हाई. डोळ्यांतनं टिपूस न्हाई. असला दगड माणूस मी बघितला न्हाई.

आता तर माझे चुलत सासरे कुशाबा आन् तो मिळून पळसाचा पुतळा करायचा म्हणत्यात. अंग मिळालं न्हाई तर पळसाच्या पानांचं माणूस करत्यात, त्याला अग्नी देत्यात आन् मग दहावं-तेरावं. आखितीच्या, म्हंजे अक्षय तृतीयेच्या, आत उरकलं तर पोराला आखितीला पितरांचं पाणी मिळंल म्हणत्यात. जितं पोर जाळायला निघालेत! मी म्हणलं, माझ्या अंगावरनं जावा आन् मग करा.

मी काय करते विचारलंस. मी मशीनसमोर बसते आन् त्याच्याशी बोलते. म्हणलं, बाळा, थंडी वाजती का? खूण हलली. म्हणलं, उपाशी हायेस का? न्हाई हलली. परवा मी विचारलं, शंभू, तू येतोस का मी येऊ? तर खूण उजवीकडं गेली आन् तितंच थांबली. आमच्या उजव्या अंगाला पाणी हाय.

दगडांकडं जाते तवा माझ्या मागं कुणीतरी चालतं. पाचोळा वाजतो. मी वळत न्हाई, वळायचं नसतं. आधी भ्यायची, आता भीत न्हाई. न्यायलाच आल्या असतील तर बरंच झालं.

या चैत्राच्या अमावास्येला, २७ तारखेला, मी मशीन घेऊन जाणार. काठावर ठेवायला न्हाई. आत जाऊन त्याच्या हातात देणार. तुला लिवते कारण तू त्याला कधी बघितलं न्हाईस, तरी त्याच्याशी हसून बोललीस. दुसरं कुणी त्याच्याशी बोलत न्हाई आता. समदे त्याच्याबद्दल बोलत्यात.

केस तुझ्यापाशी ठेव. तू वापरली तरी चालंल.

मावशी


मारुंजी
१५ एप्रिल, स्पीड पोस्टनं

मावशी,

हे पत्र नीट, शेवटपर्यंत वाचा. मधे फाडू नका.

तुमचं पत्र मिळालं त्या दिवशी मी ऑफिसला गेले नाही. जिथून केस घेतली त्या दुकानात गेले. दुकानदार नरहरीशेट म्हणाला, केस आणून देणारा माणूस लक्षात आहे, कारण असलं गिऱ्हाईक कधी आलं नव्हतं. त्या माणसानं केसचे पैसे मागितले नाहीत. खिशातून रुमालात गुंडाळलेला एक उजवा कंट्रोलर काढून काउंटरवर ठेवला आणि म्हणाला, ‘ह्याला जितं ठेवायचंय. काय लागंल ते द्या.’ शेटनं त्याला नुसता कंट्रोलर चार्ज करायचा एक स्टँड दिला. कसा लावायचा ते त्या माणसानं दोनदा विचारून घेतलं आणि कंट्रोलर परत रुमालात बांधून गेला.

शेटनं तो माणूस कसा दिसत होता तेही सांगितलं. मी ते इथे लिहीत नाही.

मावशी, हे कंट्रोलर बिनवायरीचे असले तरी लांबून चालत नाहीत. या खोलीतून त्या खोलीत, फार तर भिंतीपलीकडे. दोन शेतं ओलांडून काठावरून तर नाहीच. पाण्यातून तर अजिबात नाही. ते बुडाले की संपले. मी रोज हेच काम करते, याबाबतीत माझं चुकत नाही. खूण हलवणारा हात पाण्यात नाही. तुमच्या घरापाशी आहे.

मी कुणाचं नाव घेणार नाही. मला तो हक्क नाही आणि मी ते डोळ्यांनी बघितलेलंही नाही. तुम्हीच बघा. मशीन लागलं की पडद्यावर खालच्या ओळीत कानाचं चित्र आहे, त्यावर बोट ठेवा. मग भिंगाचं चित्र येईल, त्यावर ठेवा. मग दोन्ही कान दिसतील. त्यातल्या उजव्या कानावर बोट दाबून धरा. तुम्ही धराल तोवर तो खरा कान जिथे असेल तिथे थरथरत राहतो. आवाज येतो, घुर्र असा. हरवलेला कान शोधायलाच ही सोय केलेली असते.

हे सांगून मी तुमच्याकडून काहीतरी काढून घेतेय, हे मला कळतंय. ती खूण हलते म्हणून तुम्ही श्वास घेताय. पण मावशी, तीच खूण तुम्हाला पाण्यात नेतेय आणि मी गप्प बसून बघणार नाही. तुमचं उत्तर आलं नाही तर अमावास्येला सकाळपासून मी त्या सात दगडांशी उभी राहीन. तुम्ही नको म्हणालात तरी. मग वाडीवर काय चर्चा व्हायची ती होऊ दे.

जुईली


कासारसाई
२४ एप्रिल

जुईली,

दगडांशी उभी ऱ्हायला येऊ नको. मी पाण्यात जाणार न्हाई. आईशप्पथ.

बाकीचं आता लिवायला हात चालत न्हाई. सवडीनं लिवते.

मावशी


कासारसाई
३ मे

चि. जुईली,

तुझं स्पीड पोस्टाचं पत्र वाचून मला तुझा लई राग आला. वाटलं, ही कोण कुटली बया, काल केस घेतली आन् आज माझं लेकरू माझ्यापासनं तोडायला निघाली. पत्र चुलीपाशी नेलं व्हतं. जाळलं न्हाई एवढंच.

दिवेलागणीला मशीन लागलं. खूण हलाय लागली. मी त्या दिवशी काय विचारलं न्हाई. तू लिवलं तसं कानाचं चित्र, भिंग, मग उजवा कान. त्यावर बोट ठेवताना मी आसरास्नी म्हणलं, बायांनो, हिचं खोटं पाडा. आन् दाबून धरलं.

भिंतीपलीकडं गोठा हाय. तितनं आरोळी आली, ‘शंभू!’

आमच्या मालकांची, शंभूच्या बापाची. ऑगस्टापासनं ते नाव त्यांच्या तोंडातनं मी ऐकलं नव्हतं. गाय बिचकून उठली, तिच्या गळ्यातली घंटा वाजली. मग मालक बोलाय लागले. दबक्या आवाजात, पर भिंत पातळ हाय, समदं ऐकू येत व्हतं. म्हणत व्हते, शंभू, तू हायेस व्हय रे? आरं मी येडा, रोज तुझं बटन दाबत बसतो, तुझा अंगठा लागलाय म्हणून. तू एकदाबी जबाब दिला न्हाईस, आज दिलास! म्हणत व्हते, पाणी चढलेलं मला दिसत व्हतं रे. दिसत व्हतं तरी मी तुला जा म्हणलं. मग म्हणले, तुझ्या आईला सांगू का, तू हायेस म्हणून? ती माझ्याशी बोलत न्हाई रे. ती सारखी पाण्याला जाती. तिच्या मागं मागं मी चालतो, ती आत उतरंल या भ्यानं. तू सांग की तिला.

जुईली, मी बोट सोडलं न्हाई. सोडलं तर कान गप पडंल आन् मालकबी गप पडतील. बोट बधिर झालं तरी मी धरून बसले. माझा नवरा भिंतीपलीकडं आमच्या पोराशी बोलत व्हता आन् पोराच्या जागी मी व्हते. शेवटी मशीनच बंद झालं. तवाबी ते किती येळ, शंभू, शंभू, करत व्हते.

मला त्याच येळी कळलं, शंभू न्हाई. हिकडंबी न्हाई, तिकडंबी न्हाई. मी फळीपाशी बसून मोठ्यानं म्हणलं, माझं पोर गेलं. आन् लई रडले. त्या दिवशी पाण्यात गेला तवासुदीक मी अशी रडले नव्हते.

आन् दुसऱ्या दिवशी काय झालं ऐक. मालक सकाळीच कुशाबा मामंजीकडं गेले आन् म्हणले, पुतळा करायचा न्हाई. पोरगं हाय. मामंजींनी मला बोलावनं धाडलं, म्हणले, शारदे, तुझं येड ह्यालाबी लागलं का? मालक दारात उभे व्हते. तोंडावर असलं काय व्हतं की मला बघवंना. लग्नात बी ते असे हसले नव्हते. मी काय बोलले न्हाई. एवढा माणूस जिता झालेला, त्याला मारू कशी?

दोन दिवस मी गप ऱ्हायले. दिवेलागणीला खूण हलायची. मी एकदा दाबलं. न दाबून करते काय, ते पलीकडं वाट बघत व्हते. पर मला भ्या वाटाय लागलं. मी पाण्यात निघाले व्हते, तसे आता ते निघतील. तू मला वाचवलंस, पर तुझं काम सोपं व्हतं पोरी. तुला लांबनं लिवायचं व्हतं. मला त्या माणसाच्या डोळ्यांत बघून सांगायचं व्हतं.

तिसऱ्या दिवशी मशीन घेऊन गोठ्यात गेले. ते कडबाकुट्टीच्या विजेच्या बोर्डापाशी बसले व्हते. तितं तू सांगितलेला तो स्टँड लावलेला, आन् पट्टा, पुठ्ठ्याचं छप्पर समदं गोणपाटावर नीट मांडून ठेवलेलं. मी ठेवून यायची, ते मागनं येऊन उचलून आणायचे. पोराच्या वस्तू उघड्यावर पडलेल्या त्यांना बघवत नव्हत्या. केस तेवढी दिली, कान जिता ठेवायला. मला बघून त्यांनी कान पाठीमागं लपवला, चोरी केल्यासारखा.

मी त्यांच्या शेजारी बसले. म्हणलं, हातात धरा. त्यांनी धरला. मी मशीन मांडीवर घेतलं आन् बोट दाबलं. कान थरथरला. ते कानाकडं बघत ऱ्हायले. मी बोट उचललं, थांबला. परत दाबलं, परत थरथरला. मग त्यांनी माझ्या बोटाकडं बघितलं.

‘म्हंजे तू व्हतीस,’ म्हणले.

‘व्हय. आन् तिकडं तुमी व्हता.’

त्यांनी कान दोन्ही हातांत धरला. मग म्हणले, परत दाब. मी दाबलं. परत दाब म्हणले. असं किती येळा दाबलं कुणास ठाऊक. मग म्हणले, पुरं. आन् असे हुंदके दिले की शेजारनं माणसं पळत आली. मी त्यांचं डोकं धरलं. मी म्हणलं, मलाबी दिसत व्हतं पाणी चढलेलं. मी चहा ठेवत व्हते, खिडकीतनं दिसत व्हतं. मीबी त्याला थांब म्हणलं न्हाई. हे मी आजवर स्वतःलाबी सांगितलं नव्हतं.

आखितीच्या आदल्या दिवशी पळसाचा पुतळा केला. मालकांनी अग्नी दिला. आखितीला त्याच्या नावानं पाण्याची केळी, मातीची मडकी, भरली. पहिल्यांदा त्याच्या फोटोला हार घातला. मला वाटलं व्हतं मी पडंन, पर न्हाई पडले.

मशीन आन् दोन्ही कान पुतळ्यासंगं द्यायचे ठरले व्हते. ऐन येळेला दोघांनाबी देववलं न्हाई. मामंजी रागावले, पर काय करणार. मशीन परत फळीवर ठेवलंय, उजवा कान त्यांच्यापाशी गोठ्यात. काल दिवेलागणीला ते दारात आले आन् म्हणले, शारदे, आज दाबू का? मी म्हणलं, दाबा. ते गोठ्यात गेले. मशीन लागलं, खूण हलली. मग मी दाबलं. कोण दाबतंय ते दोघांनाबी ठाऊक हाय. तरी पलीकडनं ते हळूच म्हणले, जेवलास का रे? आन् भिंतीच्या या बाजूला मी म्हणलं, जेवलो बाबा.

मावशी